मूळ पाठ आणि पाठभेद : विद्युत् बास गिटारमधील वादककृत फेरफार

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कारखान्याने १९५१ च्या अखेरीस ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य विक्रीस आणले. त्याच्या दर्शनी भागावर, सर्वांत बारीक तारेच्या खालच्या अंगास, एक लहानशी पट्टी स्क्रूंनी बसवलेली असे. वादकाने उजव्या हाताची बोटे ह्या पट्टीस अडकवावीत आणि मोकळ्या राहिलेल्या अंगठ्याने तार छेडावी, अशी त्यामागील योजना होती. वादकांनी ती फारशी मानली नाही. त्यांपैकी पुष्कळसे खर्जाच्या मोठ्या बासवरून ह्या वाद्याकडे आलेले होते, आणि तेथे तर्जनी व मध्यमा ह्या बोटांनी तार ओढण्याची त्यांच्या हाताला सवय जडलेली होती. अशा वादकास बोटांसाठी नव्हे, तर अंगठ्यासाठी आधार लागतो. आणि तो तारांच्या वरच्या अंगास लागतो. तेव्हा कित्येकांनी स्क्रू काढले, पट्टी वरच्या बाजूस नेली आणि तेथे नवी भोके पाडली. कारखान्याने ही दुरुस्ती स्वतःच्या वाद्यात केली ती १९७४ साली, म्हणजे सुमारे तेवीस वर्षांनंतर.

आज अशा जुन्या वाद्यावर तारांच्या खाली रिकामी भोके दिसली की संग्राहक त्याची किंमत कमी करतो. वाद्य ‘मूळचे राहिले नाही’ असा त्याचा आक्षेप असतो. परंतु इतिहासकाराने हा आक्षेप जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. ज्या वाद्याचा एकही स्क्रू हललेला नाही, ते बहुधा फारसे वाजवले गेलेले नाही; कारखाना काय समजत होता एवढेच ते सांगू शकते. रंगमंचावर काय घडत होते ह्याची साक्ष त्या भोकांत आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अनोळखी नाही. लेखनिकाने केलेला बदल हा एका दृष्टीने मूळ संहितेचा बिघाड असतो. दुसऱ्या दृष्टीने, ती संहिता कोणी, कोठे व कोणत्या गरजेने वाचली ह्याचा तो एकमेव पुरावा असतो. विद्युत् बासच्या बाबतीत पाठभेदांचा हा पुरावा आजवर दुकानदारीच्या भाषेत नोंदला गेला आहे. त्याचा विचार वाद्येतिहासाच्या भाषेत होणे अवश्य आहे.

ह्या वाद्याची गरज मुळातच रंगमंचावरील होती. उभ्याने वाजवावयाचा मोठा बास नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदात तुताऱ्या व ढोल यांच्यापुढे ऐकू जात नसे, आणि गावोगाव फिरणाऱ्या वादकाला तो मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागे. सिॲटल येथील पॉल टटमार्क ह्याने १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ ह्या नावाचे एक पडदेयुक्त, घन लाकडाचे आणि आडवे धरून वाजवावयाचे विद्युत् बासवाद्य विकले होते. त्याचा प्रसार झाला नाही. पंधरा वर्षांनी लिओ फेंडर ह्याला यश आले. हा गृहस्थ रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, ही गोष्ट पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाजवणाऱ्याच्या तक्रारी ऐकून वाद्य घडवावयाचे ही त्याची पद्धत होती. आणि ज्या तक्रारी त्याच्या कानी पडल्या नाहीत, त्यांचे निवारण वादकांना स्वतःच करावे लागले.

‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. नावातील हा अचूकपणा पडद्यांचा आहे. मोठ्या बासच्या दांडीवर पडदे नसतात; स्वराची जागा बोटाने व कानाने शोधावी लागते आणि गोंगाटात कान साथ देत नाही. दांडीवर वीस पडदे बसवल्याने ती अडचण संपली आणि एरवी गिटार वाजवणारा माणूसही बास हाती घेऊ शकला. तारेची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे मोठ्या बासहून सुमारे सात-आठ इंचांनी आखूड, ठेवण्यात आली. तारांखाली चुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. लोखंडी तार कंप पावली की वेटोळ्यात विद्युत् उत्पन्न होते. ह्या साधनास सर्वत्र पिकअप म्हणतात. घन लाकडामुळे पोकळ वाद्यात होणारी शीळ, म्हणजे कर्ण्याचा आवाज वाद्याच्या पोटात शिरून पुनःपुन्हा वाढत जाण्याचा प्रकार, पुष्कळ कमी झाला. लायनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदात रॉय जॉन्सन व त्याच्यामागून मंक मॉन्टगोमरी ह्यांनी हे वाद्य १९५२–५३ च्या सुमारास लोकांपुढे आणले.

वाद्य तयार झाले, पण त्याचा आवाज बाहेर काढणारे यंत्र तयार नव्हते. बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. इतका खोल स्वर मोठ्याने उमटवावयाचा म्हणजे कर्ण्याचा पडदा पुष्कळ हवा ढकलण्याइतका मोठा व बळकट हवा. फेंडरने १९५२ मध्ये १५ इंची कर्ण्याचा ‘बासमन’ काढला. काही वर्षांनी त्यात १० इंची चार कर्णे बसवण्यात आले, आणि मग त्याचे विचित्र झाले : बासवादकांपेक्षा गिटारवादकांनाच तो अधिक मानवला, आणि पुढे लंडनमध्ये जिम मार्शलने आपल्या पहिल्या ध्वनिवर्धकासाठी त्याचीच आखणी समोर ठेवली. बासवादकांची खरी सोय ‘अँपेग’ने १९६० मध्ये काढलेल्या ‘बी-१५’ने केली. अँपेग ह्या नावाची व्युत्पत्ती मनोरंजक आहे. एव्हरेट हल ह्याने मोठ्या बासच्या तळच्या खुंटीत ध्वनिग्राहक बसवण्याची युक्ती काढली होती. ‘अँप्लिफाइड पेग’, म्हणजे आवाज वाढवलेली खुंटी, ह्या दोन शब्दांचा संकोच होऊन ते नाव झाले. एका मोडतोडीचे नाव पुढे एका मोठ्या धंद्याला मिळाले, असे म्हणता येईल. हल ह्याला स्वतःला मोठ्या व फाटलेल्या आवाजाचा तिटकारा होता. १९६९ मध्ये, तो धंद्यातून बाहेर पडल्यानंतर, त्याच नावाखाली ३०० वॉटचा ‘एसव्हीटी’ निघाला आणि रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यात वापरला गेला.

वाद्य निवडताना वादक केवळ आवाज पाहतो, ही समजूत बरोबर नाही. पॉल मॅकार्टनी ह्याने १९६१ मध्ये हॅम्बर्ग येथे होफनर कंपनीचा ‘५००/१’ घेतला तो सुमारे तीस पौंडांत. फेंडरची किंमत त्याला परवडण्यासारखी नव्हती. शिवाय तो डावखुरा; आणि व्हायोलिनच्या आकाराचे हे वाद्य दोन्ही अंगांनी सारखे असल्याने उलटे धरले तरी विद्रूप दिसत नसे. त्या वाद्याचा पोकळ, हलका देह आणि आखूड दांडी हे गुण त्याला नंतर कळले असावेत. कित्येक तासांच्या कार्यक्रमात खांद्यावर चार किलोंऐवजी त्याच्या निम्मे ओझे असणे हा लहान लाभ नव्हे. १९६३ च्या दुसऱ्या होफनरवर, १९६६ च्या दौऱ्यातील गीतांची यादी लिहिलेला कागद आजही कडेला चिकटलेला आहे. त्याच्या दर्शनी भागावरची संरक्षक पट्टी मात्र काढून टाकलेली आहे. पहिला होफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीस गेला, आणि तो परत मिळाल्याची वार्ता २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

फेरफार न करणे हाही एक निर्णय असतो, हे डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेतील जेम्स जेमर्सन ह्याच्या उदाहरणावरून दिसते. त्याच्यापाशी १९६२ चा प्रिसिजन बास होता. त्यावर चपट्या पट्टीने वेढलेल्या ‘ला बेला’ कंपनीच्या जाड तारा होत्या, आणि तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. नवी तार चकचकीत वाजते, जुनी तार बोटांच्या घामाने व मळाने मंद होते. त्याला हा मंदपणाच हवा होता. घोडीवरचे धातूचे झाकण त्याने काढले नाही. ह्या झाकणाच्या आत कारखान्याने स्पंजाचा तुकडा चिकटवलेला असे आणि तो तारांवर दाबून बसत असल्याने स्वर उमटून लगेच शमत असे. त्या काळच्या बहुतेक वादकांनी हाताच्या आड येते म्हणून हे झाकण काढून घरी ठेवले आणि त्याबरोबर स्पंजही गेला. जेमर्सनच्या वाद्यात तो राहिला. तारा दांडीपासून इतक्या उंच होत्या की इतरांना ते वाद्य वाजवणे कठीण जाई. पण मोठ्या बासवर तयार झालेल्या हाताला त्याचे काही वाटत नव्हते, आणि उंच तार जोराने ओढली तरी पडद्यावर आपटून खडखडत नाही. उजव्या हाताची केवळ तर्जनी तो वापरी. क्लबमध्ये वाजवताना त्याच्यामागे ‘बी-१५’ असे. अर्थात् जेमर्सनने काहीच बदलले नाही असे म्हणणे वरवरचे ठरेल. त्याने मोठ्या बासचा उच्चार नव्या वाद्यात आणला, जसा मातृभाषेचा हेल माणूस शिकलेल्या भाषेत आणतो.

ह्याच्या अगदी उलट टोकाला ‘द हू’ ह्या ब्रिटिश संघाचा जॉन एंटविसल उभा आहे. त्याला मंदपणा नको होता. पियानोच्या खालच्या सुरांसारखा खणखणीत, झांजेला भेदून जाणारा स्वर हवा होता. ‘माय जनरेशन’ (१९६५) ह्या गीताच्या ध्वनिमुद्रणासंबंधी त्याने सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. बारीक व तेजस्वी तारांसाठी त्याने डॅनइलेक्ट्रो कंपनीचा बास घेतला; तार तुटली; सुटी तार इंग्लंडमध्ये मिळेना; म्हणून तारेसाठी दुसरा बास विकत घेतला, मग तिसरा; आणि शेवटी गीत फेंडर जॅझ बासवर मुद्रित झाले. ह्या हकीकतीत विनोद आहे, पण वाद्येतिहासाचे एक सत्यही आहे : वाद्याइतकीच तार महत्त्वाची असते, आणि कारखाने वाद्य विकतात, तार त्याबरोबर येईल ती येते. पुढल्याच वर्षी एंटविसल रोटोसाउंड ह्या तारा करणाऱ्या कारखान्यात गेला. गोल तारेने वेढलेल्या तारांचे नमुने त्याने वाजवून पाहिले. वरच्या दोन तारा नीट वाजत होत्या, खालच्या दोन वाजत नव्हत्या. त्याच्या कानाच्या कसोटीवर त्या सुधारण्यात आल्या. आज ज्याला विद्युत् बासचा स्वाभाविक स्वर समजले जाते, तो पुष्कळ अंशी ह्या भेटीतून निघालेला आहे.

त्याच्याच संग्रहात ‘फ्रँकेनस्टाइन’ ह्या नावाचा बास होता. ‘द हू’च्या कार्यक्रमांत वाद्ये फोडण्याची प्रथा होती, तेव्हा १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात पाच मोडक्या बासांचे धडके भाग जुळवून त्याने हे वाद्य उभे केले. एकाचे धड, दुसऱ्याची दांडी, तिसऱ्याचे पिकअप. फेंडरच्या वाद्यांत दांडी धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते, सरसाने नव्हे. सुटे भाग एकमेकांस बसतात. स्वस्त उत्पादनासाठी योजलेली ही रचना वादकाच्या हाती अशा रीतीने व्याकरण बनली : शब्द बदलावेत, वाक्य टिकावे. एंटविसलच्या मृत्यूनंतर २००३ मध्ये लंडनमध्ये त्याच्या वाद्यांचा लिलाव झाला, तेव्हा ह्या जोडवाद्याला साठ हजार पौंडांहून अधिक किंमत आली. संग्राहकांचा ‘मूळपणा’चा आग्रह वादकाच्या नावापुढे असा विरघळतो.

पडदे काढून टाकणे हा फेरफार सर्वांत मूलगामी होय, कारण ज्या गुणावरून वाद्याला ‘अचूक’ म्हटले गेले तोच गुण त्यात नाहीसा होतो. बिल वायमन ह्याने १९६१ मध्ये एक स्वस्त बास घेतला, त्याचे धड कापून लहान केले आणि झिजलेले पडदे उपटले. नवे पडदे बसवण्याचा त्याचा विचार होता. परंतु तसाच वाजवून पाहिल्यावर तो विचार त्याने सोडला. १९६६ मध्ये अँपेगने आणि १९७० मध्ये फेंडरने पडद्यांविना बास बाजारात आणला. तरी ह्या प्रकाराची खरी प्रतिष्ठा जाको पास्टोरियस ह्या फ्लोरिडातील वादकाने वाढवली. त्याच्या १९६२ च्या जॅझ बासचे पडदे त्याने स्वतः काढले की आधीच काढलेले होते, ह्याविषयी त्याच्या स्वतःच्याच कथनांत एकवाक्यता नाही. पुढचे मात्र निश्चित आहे. पडद्यांच्या खाचा त्याने लाकडाच्या लुकणाने भरल्या आणि दांडीवर नौकांसाठी वापरतात त्या इपॉक्सीचे थर चढवले. ह्याचे कारण पुन्हा तारांत होते. रोटोसाउंडच्या गोल वेढ्यांच्या तारा कानसाप्रमाणे लाकूड खातात. नरम लाकडावर त्या काही महिन्यांत चर पाडतात. चपट्या तारा लावल्या तर लाकूड वाचते, पण स्वर दबतो. इपॉक्सीच्या काचेसारख्या पृष्ठामुळे लाकूडही वाचले आणि मिंडेचा स्वर लांबवर टिकू लागला. सरोदाच्या दांडीवर पोलादी पत्रा बसवण्यामागे हाच विचार आहे. मऊ पृष्ठावर दाबलेली तार लवकर मुकी होते. घोडीजवळच्या पिकअपवर भर देऊन त्याने त्या स्वराला गायकाच्या कंठासारखी धार आणली. १९७६ मध्ये त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली, त्याच वर्षी तो ‘वेदर रिपोर्ट’ संघात गेला, आणि नंतर कित्येक तरुणांनी पक्कड घेऊन आपापल्या वाद्यांचे पडदे उपटले. त्यांतील पुष्कळांनी वाद्याची नासाडी केली, हेही नमूद केले पाहिजे.

वाद्यांतर्गत विद्युत्‌रचनेतील फेरफारांचा इतिहास अधिक तांत्रिक आहे. त्याचा येथे थोडक्यात निर्देश पुरे. ग्रेटफुल डेडचा फिल लेश व जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी ह्या दोघांच्या ‘गिल्ड स्टारफायर’ बासांत नवी पिकअप व पूर्ववर्धक बसवता बसवता सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘अलेंबिक’ ही संस्था स्वतःच वाद्ये घडवू लागली आणि १९७२ मध्ये तिचा पहिला बास कॅसडीला मिळाला. पूर्ववर्धक म्हणजे वाद्याच्या पोटातच बसवलेले, बॅटरीवर चालणारे लहानसे ध्वनिवर्धक. लांब तारेतून जाताना पिकअपचा क्षीण प्रवाह आपले वरचे अंश गमावतो. तो आधीच सबळ केला तर ते टिकतात आणि मंद्र व तीव्र अंश वादकाला हातच्या हाती वाढवता येतात. १९७४ च्या दौऱ्यात लेशच्या चारही तारांचा आवाज चार स्वतंत्र कर्णेसमूहांतून बाहेर पाठवता येत असे. लिओ फेंडरने आपला कारखाना १९६५ मध्ये सीबीएसला विकला होता. १९७६ मध्ये ‘म्यूझिक मॅन स्टिंगरे’त त्याने पूर्ववर्धक मुळातच बसवला. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोस्की ह्या कारागिराने मार्कस मिलर ह्याच्या १९७७ च्या जॅझ बासमध्ये तो मागाहून बसवला आणि घोडीही जड धातूची लावली. बॅटरी ऐन कार्यक्रमात संपते, हा त्याचा दोष. म्हणून पुष्कळ कारागीर पूर्ववर्धक वगळून वाजवता येण्याची कळ ठेवतात.

सत्तरीच्या दशकातील सर्वच फेरफार सुज्ञपणाचे होते असे समजण्याचे कारण नाही. पितळेची घोडी, पितळेच्या खुंट्या, जास्तीच्या पिकअपसाठी धडात कोरलेली खोबण, ह्यांची एक साथच त्या वेळी आली होती. जड भागांमुळे स्वर अधिक काळ टिकतो हे मर्यादित अर्थाने खरे. परंतु बासवादकाला स्वर टिकण्यापेक्षा वेळेवर थांबण्याची गरज अधिक असते, आणि ओझे खांद्याला वाहावे लागते. लेखनिकाचा प्रमाद हाही पाठभेदच असतो. त्यांतून अर्थपूर्ण पाठ वेगळा कसा काढावयाचा? येथे एक कसोटी उपयोगी पडते : जो फेरफार परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक वादकांनी स्वतंत्रपणे केला, तो मूळ आखणीतील खऱ्या उणिवेकडे बोट दाखवतो. अंगठ्याच्या पट्टीची भोके ह्या कसोटीस उतरतात. पितळी खुंट्या उतरत नाहीत, त्या एकमेकांकडे पाहून बसवल्या गेल्या. पडदे काढण्याच्या बाबतीत दोन्ही प्रकार दिसतात. वायमनची कृती पास्टोरियसपूर्वीची व स्वतंत्र आहे, १९७६ नंतरच्या बहुतेक कृती अनुकरणाच्या आहेत. आणि वाद्यावर तारीख लिहिलेली नसल्याने एखादे वाद्य कोणत्या वर्गात घालावे हे ठरवणे अवघड जाते.

कारखान्यांनी पुढे ह्या पाठभेदांनाच मूळ पाठाचा दर्जा दिला. फेंडरने १९९८ मध्ये मिलरच्या सुधारित वाद्याच्या धर्तीवर नवा जॅझ बास काढला आणि १९९९ मध्ये पास्टोरियसच्या बासची प्रतिकृती. तिच्या दांडीवर इपॉक्सी तर होतेच, पण ओरखडे, उडालेला रंग व झीजही कारखान्यातच करून दिलेली होती. ज्या वाद्यावरची झीज वाजवून झालेली नाही, त्याच्याविषयी पुढील काळातील संशोधकाने सावध राहिले पाहिजे. प्रतिकृती निघाली तेव्हा मूळ वाद्याचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. ते १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेले. पुढल्या वर्षी, २१ सप्टेंबर १९८७ रोजी, पास्टोरियस वारला. वाद्य २००६ मध्ये त्याच शहरात सापडले.

जेमर्सनच्या बाबतीत तेही घडले नाही. त्याचा १९६२ चा प्रिसिजन बास त्याच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधी चोरीस गेला, आणि २ ऑगस्ट १९८३ रोजी तो वारला. दांडीच्या बुंध्यावर त्याने कोरलेली अक्षरे ओळखीची खूण म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, तरीही ते वाद्य आजतागायत मिळालेले नाही. तारा दांडीपासून नेमक्या किती उंच होत्या, दांडीला किती बाक होता, झाकणाखालचा स्पंज कितपत झिजला होता, ही मापे त्यामुळे कोणालाही घेता येत नाहीत. सोबत्यांच्या आठवणी आणि ध्वनिमुद्रिका एवढ्यांवरूनच ती अजमावावी लागतात.